खाद्यतेलाचे परावलंबन : निसर्गाचे की धोरणाचे?

खाद्यतेलाचा प्रश्न वर्षातून दोनदा चर्चेला येतो. सणासुदीच्या तोंडावर तेलाचा भाव चढला म्हणजे शहरांतील वर्तमानपत्रे महागाईवर अग्रलेख लिहितात. आणि सोयाबीनची रास बाजार समितीच्या आवारात येऊन पडली, की मराठवाडा-विदर्भातील शेतकरी भाव कोसळल्याची तक्रार घेऊन रस्त्यावर उतरतो. पहिल्या तक्रारीवर सरकार आयातशुल्क उतरवते, दुसरीवर ते चढवते. दोन्ही निर्णय जनहितासाठीच घेतल्याचे सांगण्यात येते. परंतु या दोन तक्रारी एकाच रोगाची लक्षणे आहेत, हे क्वचितच कोणी सांगतो. ज्या देशात गृहिणीला तेल महाग पडते आणि शेतकऱ्याला तेलबी स्वस्तात विकावी लागते, त्या देशात मधल्या जागेत कोणाचे तरी भले होत असलेच पाहिजे. ते कोणाचे, कसे आणि कधीपासून, याचा शोध घेणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे.

प्रथम परिस्थितीचे आकारमान ध्यानात घेतले पाहिजे. नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या तेलवर्षात भारताने सुमारे १६५ लाख टन खाद्यतेल आयात केले आणि त्यापोटी सुमारे १ लाख ३८ हजार कोटी रुपये मोजले. त्यानंतरही आयात १६० लाख टनांच्या आसपासच राहिली आहे. देशाच्या एकूण गरजेपैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. त्यात सर्वांत मोठा वाटा इंडोनेशिया-मलेशियातील पामतेलाचा. त्याखालोखाल अर्जेंटिना-ब्राझीलमधील सोयाबीन तेलाचा आणि रशिया-युक्रेनमधील सूर्यफूल तेलाचा. गहू-तांदळाच्या स्वयंपूर्णतेचा अभिमान मिरवणारा देश आपल्या फोडणीसाठी तीन खंडांच्या तोंडाकडे पाहत बसला आहे.

अशा अवलंबनाची किंमत केवळ परकीय चलनात मोजावयाची नसते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि सूर्यफूल तेलाची जहाजे अडकली. त्याच वर्षी एप्रिलअखेर इंडोनेशियाने आपल्या लोकांना तेल स्वस्त मिळावे म्हणून पामतेलाची निर्यातच काही आठवडे बंद केली. इंडोनेशियाच्या सरकारने आपल्या नागरिकांचा विचार केला, यात त्याचा दोष नाही. परंतु जकार्तामधील एका आदेशाने लातूरच्या वा धारावीच्या चुलीवरील कढई महाग व्हावी, अशी व्यवस्था ज्यांनी उभारली, त्यांना जाब विचारलाच पाहिजे.

भारताची जमीन तेलबियांना अनुकूल नाही, शेतकरी मागासलेला आहे, लोकसंख्या अफाट आहे, म्हणून आयात अटळ आहे, असे उत्तर तयार असते. हे उत्तर इतिहासाला धरून नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी हा देश खाद्यतेलात जवळजवळ स्वावलंबी झाला होता. ते स्वावलंबन दुष्काळाने गेले नाही की कीडरोगाने गेले नाही. ते कागदावरच्या निर्णयांनी घालविले.

स्वावलंबनाची वर्षे

साठीच्या व सत्तरीच्या दशकांत हरितक्रांतीने ओलिताची उत्तम जमीन गव्हा-तांदळाकडे वळविली. कर्ज, खत, खरेदीची हमी हे सारे त्या दोन पिकांच्या वाट्याला आले. भुईमूग, करडई, तीळ, जवस, मोहरी ही पिके पावसाच्या भरवशावरील हलक्या रानांत ढकलली गेली. आजही तेलबियांखालील सुमारे सत्तर टक्के क्षेत्र जिरायत आहे. परिणामी तेलाची टंचाई कायमची झाली. मुंबईत १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी महागाईविरुद्ध जी लाटणी उगारली, त्यामागे रिकामा तेलाचा डबा हेही एक कारण होते. टंचाईवर तोडगा म्हणून राज्य व्यापार महामंडळामार्फत परदेशी तेल आणून शिधावाटप दुकानांतून विकण्याची प्रथा पडली. १९७७ साली अधिकारावर आलेल्या जनता पक्षाच्या सरकारनेही, ज्यात समाजवादी सहभागी होते, मोठ्या आयातीचाच मार्ग पत्करला. तेव्हाच्या ग्राहकाला त्याने दिलासा मिळाला, हे खरे. पण तेलबियांच्या शेतीचा प्रश्न जागच्या जागी राहिला.

मे १९८६ मध्ये तेलबिया तंत्रज्ञान मिशन सुरू झाले आणि चित्र पालटले. १९८५-८६ साली देशात सुमारे १०८ लाख टन तेलबिया पिकल्या होत्या. १९९३-९४ पर्यंत हा आकडा दुपटीच्या घरात, म्हणजे २१५ लाख टनांवर गेला. आयात गरजेच्या दोन-तीन टक्क्यांपर्यंत खाली आली. अवघ्या सात-आठ वर्षांत हे घडले. त्याचे श्रेय सुधारित बियाण्यांना देऊन विषय संपविण्याची सरकारी पद्धत आहे. पण बियाणे हा चार पायांपैकी एकच पाय होता. दुसरा पाय हमीभावाचा व त्या भावाने प्रत्यक्ष खरेदी करण्याचा होता. तिसरा पाय सहकारी प्रक्रियेचा. वर्गीस कुरियन यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने तेलबिया उत्पादकांच्या सहकारी संस्था उभारल्या, सौराष्ट्रातील तेलिया राजांच्या मक्तेदारीशी झुंज घेतली आणि 'धारा' हे तेल बाजारात आणले. १९८९ पासून तर बाजारातील तेलाचा भाव एका खालच्या व एका वरच्या मर्यादेत राखण्याची जबाबदारी या मंडळावर सोपविण्यात आली. भाव पडला की खरेदी करावयाची, चढला की साठा बाहेर काढावयाचा. उत्पादक आणि ग्राहक या दोघांचे हित एकाच यंत्रणेने पाहावयाचे, ही कल्पना समाजवादी नियोजनाच्या किती जवळची होती, हे सांगावयास नको.

चौथा पाय आयातीवरील नियंत्रणाचा होता. परदेशी तेल कोणी आणावे, किती आणावे, केव्हा आणावे, हे शासन ठरवीत असे. आज त्या यशोगाथेची उजळणी करताना हाच चौथा पाय सोयीस्करपणे विसरला जातो.

दार कोणी उघडले?

हा पाय १९९४ मध्ये कापण्यास प्रारंभ झाला. त्या वर्षी पामोलीनची आयात खुल्या परवान्याखाली आणून ६५ टक्के शुल्क ठेवण्यात आले. मार्च १९९५ मध्ये बहुतेक सर्व खाद्यतेले मोकळी झाली आणि शुल्क ३० टक्क्यांवर आले. पुढे ते २० टक्के झाले आणि १९९८ मध्ये १५ टक्के. ज्या वेळी जागतिक बाजारात पामतेलाचे भाव कोसळण्याच्या बेतात होते, नेमक्या त्याच वेळी तटबंदी पाडण्यात आली. १९९९-२००० पर्यंत वार्षिक आयात चाळीस लाख टनांच्या पुढे गेली. 'पीत क्रांती'चा पिवळा रंग पाच-सहा वर्षांत उतरला.

जागतिक व्यापार संघटनेने भाग पाडले, असे समर्थन तेव्हा करण्यात आले आणि आजही अनेक कार्यकर्ते ते खरे मानतात. वस्तुस्थिती वेगळी आहे. त्या करारानुसार सोयाबीन तेलावर भारताला ४५ टक्क्यांपर्यंत आणि पामतेलासारख्या बहुतेक अन्य तेलांवर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क आकारण्याची मुभा आहे. म्हणजे करारातही संरक्षणाला भरपूर वाव होता. तो वापरला नाही तो दिल्लीतील राज्यकर्त्यांनी, आणि यात काँग्रेस, संयुक्त आघाडी व भारतीय जनता पक्ष या तिन्ही राजवटींचा सारखाच वाटा आहे.

परदेशी तेल स्वस्त असेल तर ते घेण्यात गैर काय, असा अर्थशास्त्रीय युक्तिवाद यावर केला जातो. त्याला उत्तर दिले पाहिजे. ज्याला जागतिक भाव म्हणतात तो बव्हंशी उरलेल्या मालाचा भाव असतो. अमेरिकेतील सोयाबीनमागे तेथील सरकारचे अनुदान असते. इंडोनेशियातील पामच्या मळ्यांमागे तोडलेल्या जंगलांची किंमत असते, जी कोणाच्याच हिशेबात धरली जात नाही. शिवाय आयात केलेल्या तेलाबरोबर पेंड येत नाही. गावात भुईमूग किंवा करडई गाळली गेली तर तेल माणसाला, पेंड जनावराला, शेणखत जमिनीला आणि मजुरी गावाला मिळते. बंदरात जहाजातून उपसलेल्या तेलाने यांपैकी फक्त पहिली गरज भागते. स्वस्त तेलाच्या हिशेबात ढेपेचा चढलेला भाव, बंद पडलेल्या तेलगिरणीतील मजूर आणि रिकामे झालेले रान यांची रक्कम मिळविली, म्हणजे ते तेल किती स्वस्त होते ते कळते.

आयात मोकळी झाल्यावर उद्योगाचे रूपही पालटले. वर्धा येथे मगनवाडीत १९३४ साली ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली आणि तेथे सुधारलेला वर्धा घाणा तयार झाला. १९५५ साली कर्वे समितीने ग्रामोद्योगांना संरक्षण देण्याचा आग्रह धरला. पुढे भुईमूग व मोहरीचे तेल गाळण्याचा उद्योग लघुउद्योगांसाठी राखीव होता. हे आरक्षण एप्रिल २०१५ मध्ये शेवटच्या वीस वस्तूंबरोबर उठविण्यात आले. त्याआधीच, १९९८ साली दिल्लीत भेसळयुक्त मोहरीच्या तेलाने अनेकांचे बळी घेतल्यानंतर, सुट्या तेलाच्या विक्रीवर निर्बंध आणून बंद वेष्टनाची सक्ती करण्यात आली. भेसळखोरांना शासन झालेच पाहिजे होते. पण या सक्तीचा भार लहान तेलगिरणीवर पडला आणि वेष्टनाची यंत्रे ज्यांच्याकडे होती त्यांना बाजार मोकळा मिळाला. याच काळात कांडला, मुंद्रा, काकिनाडा, हल्दिया या बंदरांवर प्रचंड शुद्धीकरण कारखाने उभे राहिले. अदानी समूह व सिंगापूरची विल्मर कंपनी यांची भागीदारी १९९९ साली झाली. बंदरातील कारखान्याला कच्चा माल जहाजातून मिळतो. त्याला शेतकऱ्याची गरज उरत नाही. ज्या उद्योगाला देशातील शेतकऱ्याची गरज नाही, त्या उद्योगाच्या सल्ल्याने आयातशुल्क ठरू लागले तर ते कोणाच्या सोयीचे असणार?

सोयाबीनचा भ्रम

तेलबियांचे उत्पादन वाढलेच नाही, असे मात्र नाही. सरकारी अंदाजाप्रमाणे २०२४-२५ मध्ये ते सुमारे ४३० लाख टनांवर गेले, म्हणजे १९८५-८६ च्या चौपट. तरीही आयात फुगली. याचे एक कारण उपभोगाच्या वाढीत आहे. दुसरे पिकांच्या निवडीत आहे.

महाराष्ट्रात आज सुमारे पन्नास लाख हेक्टरांवर सोयाबीन उभे असते. लातूर, धाराशिव, नांदेड, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांचा खरीप म्हणजे सोयाबीन, असे समीकरण झाले आहे. शेतकऱ्याने हे पीक मूर्खपणाने स्वीकारलेले नाही. ते शंभर-सव्वाशे दिवसांत निघते, नंतर रब्बीला रान मोकळे होते, रोख पैसा हाती येतो. परंतु सोयाबीनला तेलबी म्हणणे हे अर्धसत्य आहे. त्यात तेल जेमतेम अठरा ते वीस टक्के, बाकी पेंड. शेंगदाण्यात आणि तिळात तेलाचे प्रमाण ४५ टक्क्यांच्या पुढे, मोहरीत पस्तीस ते चाळीस, करडईत तिसाच्या आसपास. म्हणून सोयाबीनचा भाव तेलापेक्षा पेंडीच्या बाजारावर ठरतो, आणि ती पेंड कोंबडीखाद्यात व निर्यातीत किती खपते यावर ठरते. धान्यापासून इथेनॉल काढणाऱ्या कारखान्यांचा चोथा स्वस्तात मिळू लागला, तशी या पेंडीची मागणी घटली. तेल महाग असूनही सोयाबीन स्वस्त का, या शेतकऱ्याला पडणाऱ्या कोड्याचे उत्तर येथे आहे.

साधे गणित करून पाहावे. भारतात सोयाबीनचे हेक्टरी उत्पादन सरासरी एक टनाच्या आसपास आहे; त्यातून तेल मिळते सुमारे १८० किलो. आज जेवढे तेल आयात होते तेवढे सर्व सोयाबीनमधून काढावयाचे म्हटले, तर आणखी सुमारे ९०० लाख हेक्टर जमीन लागेल. देशातील एकूण लागवडीखालील जमीन १,४०० लाख हेक्टरांच्या घरात आहे. म्हणजे सोयाबीनचे क्षेत्र वाढवीत नेऊन स्वावलंबी होण्याचा मार्ग मुळात अस्तित्वातच नाही. बियाणे सुधारून उत्पादन दुप्पट केले तरी हे अंतर भरून येत नाही.

या सोयाबीनच्या रेट्यात आणि स्वस्त पामतेलाच्या माऱ्यात कोणती पिके गेली, याची नोंद घेतली पाहिजे. सोलापूर, उस्मानाबाद, परभणीच्या काळ्या रानात शाळूच्या पिकाला करडईचे पाटे असत. तिच्या काट्यांनी जनावरे आत शिरत नसत आणि घरचे तेलही निघे. पाऊस संपल्यावर जमिनीतील ओलीवर येणारे, ओलिताची अपेक्षा न करणारे असे हे तेलपीक. एके काळी लाखो हेक्टरांवर असलेली करडई आता देशभरात मिळून लाखाच्या आत-बाहेर राहिली आहे. काटे हे तिच्या ऱ्हासाचे एक कारण होते. पण फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण केव्हाच तयार केले आहेत. संशोधन होते, जमीन होती, शेतकऱ्याला पीक ठाऊक होते. नव्हती ती भावाची हमी आणि खरेदी करणारी संस्था. जवस, कारळ, तीळ यांची कथाही फारशी वेगळी नाही.

शुल्काचा नळ

१९९५ नंतरचे शासकीय धोरण एकाच वाक्यात सांगता येते : आयातशुल्काचा नळ कधी उघडावयाचा, कधी आवळावयाचा. कच्च्या पामतेलावरील शुल्क २००१ मध्ये ७५ टक्क्यांवर गेले, २००८ मध्ये शून्यावर आले, २०१८ मध्ये ४४ टक्के झाले, ऑक्टोबर २०२१ मध्ये मूळ शुल्क पुन्हा शून्य, सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के आणि मे २०२५ अखेर १० टक्के. यात शेतकऱ्याला पेरणीपूर्वी उपयोगी पडेल असा कोणता संकेत आहे?

सप्टेंबर २०२४ चे उदाहरण विशेष बोलके आहे. महाराष्ट्राची विधानसभा निवडणूक तोंडावर होती, सोयाबीन काढणीला आले होते. केंद्र सरकारने कच्च्या तेलावरील मूळ शुल्क शून्यावरून एकदम २० टक्के केले. पंतप्रधानांच्या पक्षाने सोयाबीनला सहा हजार रुपये भावाचे आश्वासन दिले. सरकारनेच तेव्हा सांगितले, की जुन्या कमी शुल्काने आणलेले सुमारे तीस लाख टन तेल देशात पडून आहे, तेव्हा कंपन्यांनी ते संपेपर्यंत भाव वाढवू नयेत. ही विनंती होती; कायदा नव्हता. तेलाचे भाव दिवाळीपूर्वीच चढले. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ४,८९२ रुपये होता; लातूरच्या बाजारात व्यवहार त्याहून कित्येकशे रुपयांनी खाली होत राहिले. सरकारी खरेदी केंद्रांवर ओलाव्याच्या अटीपायी माल परत जात होता. नोव्हेंबरात ती अट १२ वरून १५ टक्क्यांपर्यंत शिथिल झाली तोवर गरजू शेतकऱ्याने माल विकून टाकला होता. म्हणजे गृहिणीने जास्त मोजले, शेतकऱ्याला काही मिळाले नाही, आणि जुना साठा बाळगणाऱ्यांना शुल्कवाढीचा नफा बसल्या जागी मिळाला. पुढील वर्षी पेरणीच्या तोंडावर शुल्क पुन्हा निम्मे झाले. २०२५ च्या खरिपात देशातील सोयाबीनचे क्षेत्र घटले, यात नवल नाही.

समाजवादी चळवळीला हा अनुभव नवा वाटू नये. डॉ. राममनोहर लोहियांनी 'दाम बांधो' नीतीत नेमके हेच मांडले होते, की शेतमालाच्या भावातील चढउताराला मर्यादा हवी आणि शेतमाल व कारखान्याचा माल यांच्या किमतींत न्याय्य प्रमाण हवे. भाव बांधल्याशिवाय केवळ शुल्क वर-खाली करणे म्हणजे एका गरिबाचा खिसा कापून दुसऱ्या गरिबाला दाखविणे, आणि पैसा मात्र तिसऱ्याच्या तिजोरीत टाकणे होय.

जास्त तेल कोण खातो?

२०२५ साली पंतप्रधानांनी देशवासीयांना तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन केले. आरोग्याच्या दृष्टीने सल्ला चुकीचा नाही. नीती आयोगाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे दरडोई वार्षिक उपभोग १९.७ किलोवर गेला आहे; भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने शिफारस केलेले प्रमाण १२ किलो आहे. पण सरासरीच्या आड विषमता लपलेली असते. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण घरांतील वापर माणशी महिन्याला सुमारे ६७४ ग्रॅम आणि शहरी घरांतील ८५३ ग्रॅम आढळला होता, म्हणजे वर्षाला अनुक्रमे आठ व दहा किलो. त्याच सुमारास देशातील दरडोई उपलब्धता मात्र तेरा-चौदा किलोच्या घरात होती. मधले तेल गेले कोठे? ते उपाहारगृहांत, बिस्किटांत, वेफरांत, फरसाणाच्या पाकिटांत गेले. शेतमजुराच्या भाकरीबरोबरच्या कोरड्यासात ते गेलेले नाही. संयमाचा उपदेश करावयाचा तर तो स्वस्त पामतेलावर नफा कमविणाऱ्या खाद्यपदार्थ कंपन्यांना करावा. त्यांच्या पाकिटात कोणते तेल किती आहे, ते ठळक अक्षरांत छापण्याची सक्ती करावी. ज्या घरात महिन्याला अर्धा किलो तेलावर भागविले जाते, तेथे दहा टक्के कपात ही थट्टा ठरते.

स्वयंपूर्णतेच्या नव्या योजनांकडेही याच कसोटीने पाहिले पाहिजे. २०२१ साली पामच्या लागवडीसाठी ११,०४० कोटींची योजना आली. भर ईशान्य भारतावर व अंदमानवर. पाम हे हेक्टरी सर्वाधिक तेल देणारे झाड आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु त्याला बारमाही पाणी लागते, फळ हाती येण्यास चार-पाच वर्षे जातात आणि घड तोडल्यापासून दिवसभरात कारखान्यात पोहोचावा लागतो, त्यामुळे शेतकरी एकाच कंपनीच्या दारात बांधला जातो. २०२५-२६ पर्यंत दहा लाख हेक्टरांचे उद्दिष्ट होते; प्रत्यक्ष लागवड त्याच्या फार मागे राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेलबियांसाठी सात वर्षांचे नवे अभियान मंजूर झाले : तरतूद १०,१०३ कोटी, उद्दिष्ट २०३०-३१ पर्यंत ६९७ लाख टन तेलबिया आणि गरजेच्या ७२ टक्के तेल देशातून. उद्दिष्ट चांगले आहे. पण वर्षाला सरासरी दीड हजार कोटींहून कमी खर्च करून, वर्षाला सव्वा लाख कोटींहून अधिक आयात हटविण्याची ही भाषा आहे. आयातीवर जेवढे रुपये जातात त्याच्या जेमतेम एक टक्का रक्कम स्वावलंबनासाठी! आणि १९८६ च्या मिशनचे जे तीन पाय होते, हमखास खरेदी, सहकारी प्रक्रिया व आयातीचे नियोजन, त्यांपैकी एकही या अभियानात भक्कमपणे उभा नाही.

मागणी एकच, बाजू दोन

मग पक्षाने काय मागावे? आयात उद्या बंद करा, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. त्याचा पहिला फटका झोपडपट्टीला बसेल. मागणी टप्प्याटप्प्याची, पण निश्चित असली पाहिजे.

पहिली गोष्ट, आयातशुल्क हमीभावाशी कायद्याने जोडले जावे. जागतिक भाव घसरला की शुल्क आपोआप वाढावे, चढला की उतरावे. आणि त्याची पट्टी पेरणीपूर्वी जाहीर व्हावी, म्हणजे निवडणुकीचे वेळापत्रक पाहून ते ठरणार नाही. आजच्या आयातीवर नुसते दहा टक्के शुल्क धरले तरी वर्षाला तेरा-चौदा हजार कोटी जमा होतात. ही रक्कम सामान्य तिजोरीत न मुरता तेलबियांची खरेदी व शिधावाटपावरील तेल यांसाठीच खर्च व्हावी.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याचा हक्क दिला. तेलाचा दिला नाही. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या दिवाळीत 'आनंदाचा शिधा' वाटला, त्यात रवा, साखर व चणाडाळीबरोबर एक लिटर तेल होते, आणि ते होते पामतेल. लाखो हेक्टर सोयाबीन पिकविणाऱ्या राज्याने आपल्या गरिबाला सणाला परदेशी तेल द्यावे, यापेक्षा धोरणशून्यतेचा वेगळा पुरावा कशाला हवा? देशातील सुमारे वीस कोटी शिधापत्रिकांवर दरमहा एक लिटर तेल द्यावयाचे ठरविले, तर वर्षाला साधारण २२ लाख टन तेल लागेल. एवढे तेल देशात पिकलेल्या बियांचेच असावे, ते सहकारी व लहान गिरण्यांतून गाळून घ्यावे, जिल्ह्यात जे पिकते ते जिल्ह्यात खपवावे : मराठवाड्यात करडई, खानदेशात भुईमूग व सरकी, भंडारा-गोंदियात भाताच्या कोंड्याचे तेल व जवस. कोंडा आणि सरकी यांना तर नव्या जमिनीची गरजच नाही. ते आजही हाताशी असलेले धन आहे. एवढी एक कायमची गिऱ्हाइकी शासनाने निर्माण केली, की करडईच्या शेतकऱ्याला भावाची हमी, घाण्याला काम, गाईला पेंड आणि मजुराच्या घरात तेल, या चार गोष्टी एकाच निर्णयाने साधतात.

खर्चाचा प्रश्न विचारला जाईलच. बंदरावरील शुल्क शून्यावर आणून सरकार जेव्हा हजारो कोटींच्या महसुलावर पाणी सोडते, तेव्हा तो प्रश्न कोणी विचारीत नाही. त्या सवलतीचा लाभ श्रीमंताला, पाकीटबंद खाद्याच्या कारखानदाराला आणि गरिबाला एकाच दराने मिळतो. किंबहुना जो जास्त तेल वापरतो त्याला जास्त मिळतो. शिधापत्रिकेवरील तेल ज्याला हवे त्यालाच पोहोचते.

आजवर पक्षाच्या शहरी शाखा महागाईविरुद्ध निदर्शने करीत आल्या आणि ग्रामीण शाखा भावासाठी रास्ता रोको करीत आल्या. एकीची मागणी दुसरीच्या मागणीला छेद देते, असे सरकार दोघींना सांगते आणि दोघींचीही बोळवण करते. या विभागणीतच आयातदाराची सुरक्षितता आहे. १९८९ साली या देशात उत्पादक आणि ग्राहक यांचे भाव एकाच यंत्रणेने सांभाळण्याचा प्रयोग झाला होता आणि तो काही वर्षे यशस्वीही ठरला होता, ही गोष्ट कार्यकर्त्यांनी लोकांना सांगितली पाहिजे. येत्या हंगामात तहसील कचेरीवर जे निवेदन जाईल, त्यात हमीभावाने खरेदी आणि शिधापत्रिकेवर देशी तेल या दोन्ही मागण्या एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिलेल्या असाव्यात. आणि त्याखाली सोयाबीन विकणाऱ्या शेतकऱ्याची व पाव किलो सुटे तेल मागणाऱ्या मजूर बाईची सही शेजारी-शेजारी असावी.